ओस्लोत अर्धं राहिलेलं भांडण

वहिनी, काल पुन्हा शिट्टी झाली.

दुपारचीच वेळ, तुझी भात लावायची. मी नर्सरीतल्या पोरांना घरी पाठवून नुकती आले होते, पर्सही खांद्यावरून उतरवली नव्हती, आणि वरच्या मजल्यावरून, अगदी माझ्या ओट्याच्या डोक्यावर, कुकर वाजला. थोड्या वेळानं पुन्हा. आणि मग तुझी ती आच मंद केल्यानंतरची, धड न वाजणारी, नुसती फुसफुसणारी शिट्टी. दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या या बिल्डिंगमध्ये आपण दोघी जावा, तू वर आणि मी खाली, अशी इतकी वर्षं काढली की तुझा कुकर वाजला की मी कणीक भिजवायला घेत असे. घड्याळ बघायची गरजच पडत नव्हती. पण आता तुझ्या घराला कुलूप आहे. भाऊजी नाशिकला आहेत, त्यांचा भाऊ, माझा नितीनही, त्यांच्याबरोबर तिकडेच. आणि तू गेलीस यात काही शंका नाही, कारण तुझी शेवटची ओटी मीच भरली. मग वर कुकर कोण लावतंय?

नितीनला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अगं, शेजारच्या मल्याळी लोकांचा असेल. त्यांच्याकडे नाही का कुकर?" असेलही. पण शेजारणीचा कुकर मला ओळखू येतो, तो घाईघाईनं वाजतो. हा तुझाच होता. भुताखेतांवर माझा विश्वास नाही हे तुला चांगलं ठाऊक आहे, त्यावरून आपलं किती वेळा वाजलंय. तरी काल मी ओट्याशी उभी राहून वर बघत विचारलं, "वहिनी, झाला का गं भात?" आणि मग स्वतःच्याच आवाजाची भीती वाटून टीव्ही लावला.

तुला काय झालं, कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले, हे मी इथे लिहिणार नाही. ते सगळे एकमेकांना फोनवर सांगतायत, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात तू थोडी थोडी बदलत चालली आहेस. परवा कुणीतरी म्हणालं, किती शांत स्वभाव होता. तू आणि शांत! मला तुझ्याशी एक भांडण पुरं करायचंय. ओस्लोतलं.

ओस्लोला जायचं खूळ मुळात भाऊजींचं. दोह्याबाहेर मेसईदच्या खताच्या कारखान्यात ते लागले तेव्हा तिथे नॉर्वेचे काही साहेब होते. त्यांतल्या एकानं भाऊजींच्या डोक्यात भरवलं की माणसानं एकदा तरी मे महिन्यात ओस्लो बघावं. ईदच्या सुट्टीला जोडून तिकिटं काढली, चौघांचे आणि तुझ्या इराचे व्हिसे आले, आणि ऐन वेळी प्लांटचं शटडाऊन लांबलं. भाऊजींची रजा खलास, आणि बाबा नाही म्हणून इराही अडून बसली. नितीन म्हणाला, "मी इराला सांभाळतो, तुम्ही दोघी जा." मी नाही नाही म्हणत होते. तू म्हणालीस, "काय गो, व्हिसा काय दर वर्षी येतो? चल, यल्ला!" गुहागरचा 'गो' आणि दोह्याचा 'यल्ला' एका श्वासात घेणारी तू जगात एकटीच असशील.

बोलायला शूर, पण मुळात तू भित्री होतीस. लिफ्टमध्ये एकटी चढायची नाहीस. खाली कचरा टाकायला जायचं तरी मला फोन यायचा, "सोबत येतेस?" मी चिडायचे आणि चप्पल घालायचे. ओस्लोच्या विमानात तू माझा हात असा धरून ठेवला होतास की उतरल्यावर माझ्या मनगटावर तुझ्या बांगडीचा वळ होता.

आणि तू कुकर नेलास. ओस्लोला, कुकर! कपड्यांमध्ये गुंडाळून, आत मेतकुटाची आणि भाजणीची पुडी. त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये पहिल्याच दिवशी तू मोहरी-हिंगाची फोडणी टाकलीस आणि छतावरचा अलार्म असा केकाटायला लागला की खालची घरमालकीण धावत वर आली. मी लाजेनं पडद्यामागे. तू हातात पळी घेऊन दारात उभी राहिलीस आणि ठसक्यात म्हणालीस, "नो फायर. ओन्ली वरण." मग तिला आत बोलावून वाटीभर खायलाच घातलंस. ती जाताना वाटी धुऊन गेली.

शहर तुला आवडलं, पण त्याचा उजेड नाही आवडला. संध्याकाळ म्हणून काही व्हायचंच नाही. जेवणं झाली तरी बाहेर तसंच पांढुरकं. तू खिडकीशी उभी राहून म्हणालीस, "इथे दिवस मेलेला कळत नाही गो. बसलाय आपला तसाच, उघड्या डोळ्यांनी." मी पडदा ओढला. आता इथे दोह्याच्या या डोळे दिपवणाऱ्या दुपारी मला तो उजेड आठवतो, आणि पडदा ओढला तरी जात नाही.

किल्ल्यावर गेलो तेव्हा मी तुला पाटी वाचून दाखवली होती. जुनं ओस्लो आगीत जळालं. मग राजानं किल्ल्याच्या आडोशाला नवं गाव वसवलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. तीनशे वर्षं गाव त्या नावानं नांदलं, आणि मग लोकांनी ते नाव टाकून पुन्हा ओस्लो केलं. तू तटावरच्या तोफेला टेकून सँडविच खात होतीस. म्हणालीस, "म्हणजे सासरचं नाव टाकून माहेरचं घेतलं म्हण की." मी हसले. तू नाही हसलीस. तू गुहागरला उल्का होतीस, नाशिकला तांदळात नाव लिहून अनघा झालीस, आणि आमच्या घरात तर नुसतीच वहिनी. "तीनशे वर्षांनी का होईना, मिळालं ना त्याला," असं म्हणत तू हात झटकलेस आणि उठलीस.

दुसऱ्या दिवशी फेरीनं पलीकडे गेलो, जहाजांच्या म्युझियममध्ये. ते आता बंद आहे म्हणे, जहाजं आत तशीच ठेवून भोवती नवीन बांधतायत. आपण वेळेवर गेलो.

आत शिरताच समोर ते काळंभोर जहाज. नाकाशी सापासारखं वेटोळं, अंगभर कोरीवकाम. एवढं देखणं जहाज, आणि ते हजारभर वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी जमिनीत पुरलं. आत दोन बायका ठेवल्या, एक म्हातारी आणि एक तिच्याहून लहान. बरोबर पलंग, रजया, विणायचा माग, बर्फावरच्या गाड्या, बादल्या, कढई, घोडे, कुत्री. सोनंनाणं चोरांनी केव्हाच उकरून नेलं होतं, संसार तेवढा राहिला होता. "चोर पुरुष असणार," तू म्हणालीस. "कढई सोडून गेले."

तिथं एक वयस्कर बाई माहिती द्यायला होत्या. त्या म्हणाल्या, या दोघींत मालकीण कोण आणि सोबत म्हणून घातलेली कोण, हे अजून कुणाला सांगता येत नाही. 'सोबत' हा शब्द माझा, त्यांनी काही दुसराच वापरला होता, पण तू माझ्याकडे पाहिलंस.

मग ती बादली. तिच्या कडीपाशी पितळेचा एक पुरुष होता, मांडी घालून, डोळे मिटून बसलेला, छातीवर स्वस्तिकं. तू बूट काढायला खाली वाकलीस! मी तुझा दंड धरून उभं केलं. बूट राहिले, पण नमस्कार केलासच, काचेला कपाळ टेकून. बाई समजावून सांगत होत्या की हा बहुतेक आयर्लंडकडून आलेला असावा. तू नम्रपणे मान डोलावलीस आणि मला मराठीत म्हणालीस, "तिला काय माहीत."

त्याच बाईंनी सांगितलं की जहाजात धान्य होतं, रानटी सफरचंदं होती, आणि एक अक्रोड होता. एकच. कुठून तरी लांबून आला असणार.

तू काचेकडे सरकलीस. मग हळूच म्हणालीस, "ओटी भरलीय गो तिची."

माझ्या अंगावर काटा आला होता, वहिनी. तेव्हा मी तसं म्हटलं नाही. तेव्हा मी काहीतरी शहाणपणाचं बोलले, की अक्रोड खाण्यासाठी असेल. आज सांगते, काटा आला होता.

आणि मग तो दगड. जहाज पुरलं, वर मातीची टेकडी रचली, पण त्याआधी ते एका मोठ्या धोंड्याला दोरखंडानं बांधून ठेवलं होतं. आपलं भांडण तिथे लागलं. मी म्हटलं, मेलेल्यांनी परत येऊ नये म्हणून बांधलं. सगळीकडे हेच असतं, मेलेल्या माणसाची धास्ती. तू म्हणालीस, "छे! यायचं म्हटलं तर दोरी कोणाला अडवते? जाऊ नये म्हणून बांधलंय. मागच्यांना सोडवेना."

"सोडवेना तर पुरलं कशाला?"

"पुरायला तर लागतंच गो."

फेरीत भांडलो, ट्राममध्ये भांडलो. समोरची माणसं आपल्याकडे बघून जागा बदलत होती. आणि मग ट्राम उतरता उतरता तू विचारलंस, "मी आधी गेले तर येशील सोबत?"

मी म्हटलं, "वेड लागलंय का तुला?" आणि समोरच्या दुकानातून दोन वॉफल घेऊन आले. तुझ्या वॉफलवर जॅम जास्त होता. भांडण तिथे थांबलं. तू पुन्हा विचारलं नाहीस.

परत आल्यावर मात्र तुझ्या पर्समध्ये कायम एक अक्रोड असायचा, सालीसकट. सुपरमार्केटमधून तू एकच घेऊन काउंटरला उभी राहायचीस आणि तो फिलिपिनो पोरगा तुझ्याकडे बघत राहायचा. मी चिडवायचे, "काय, निघालीस का?" तू म्हणायचीस, "कधी निघायचं ते सांगून थोडंच कळतं? वाटेत लागतो." इरा म्हणायची, "आई, यू आर सो वीअर्ड." आपण तिघी हसायचो. त्या हसण्याचा आता मला राग येतो. कोणाचा ते कळत नाही.

हॉस्पिटलमधून तुझी पर्स मला दिली. लिप बाम, आयडी कार्ड, इराच्या शाळेची पावती, आणि तो.

आपल्याकडची गेलेली माणसं गावी परत पाठवायची सगळी धावपळ करणारा एक भला केरळी गृहस्थ आला होता. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या आम्ही मिळवल्या. शुक्रवारची सकाळ होती, सगळी दुकानं बंद. बिल्डिंगमधल्या एका गुजराती बाईनं तिच्या मुलीच्या लग्नातल्या बांगड्या काढून दिल्या. पेटी बंद करायच्या आधी थोडा वेळ आत जाऊ दिलं. मी तांदूळ, हळकुंड, सुपारी, खण काढला. नारळ काढला तसा तो माणूस ओशाळून म्हणाला, "मॅडम, नारियल नहीं जाएगा. कार्गोवाले पेटी रोक देंगे."

नारळाशिवाय ओटी? मला हे सगळं मान्य नसतं, हे तू जाणतेस. हळदीकुंकवाला मी नेहमी उशिरा यायचे. पण तिथे उभी राहिल्यावर मला रडू आलं ते त्या नारळावरून. सवाष्ण बाई, एवढ्या लांब निघालीय, आणि तिची ओटी अर्धी. मग मी तुझ्या पर्समध्ये हात घातला. अक्रोड काढून तुझ्या ओटीत ठेवला आणि वर पदर घातला. त्या माणसानं पाहिलं आणि हातातल्या कागदांत डोकं घातलं. वहिनी, तुझा हात गार होता. माझ्या मनगटावर त्याचा वळ पडला नाही.

तुझ्याबरोबर भाऊजी गेले, नितीन गेला. मी नाही आले. इरानं जायचं नाकारलं. सगळ्यांना सांगितलं की बारावीची परीक्षा तोंडावर आहे, पण मला तिनं एवढंच सांगितलं, "काकू, आय डोन्ट वॉन्ट टू सी." तिला एकटीला ठेवून कशी येणार होते? विमान सुटायच्या वेळेला आम्ही दोघी गच्चीवर उभ्या होतो. इथून एकामागून एक विमानं जातात. त्यातलं तुझं कुठलं ते कळेना. इरानं एकाकडे बोट दाखवलं, आम्ही तेच धरलं. लिफ्टमध्ये एकटी न चढणारी तू, सामानाच्या कप्प्यात, अंधारात. तेव्हापासून मला घरातलं प्रत्येक बंद दार उघडून ठेवावंसं वाटतं.

हॉलमध्ये तुझा दिवा लावलाय. एसीच्या झोतानं विझतो. एसी बंद केला की दिवा राहतो पण आम्ही शिजतो. शेवटी मी त्याला पुस्तकांचा आडोसा केला, इराच्या फिजिक्सच्या पुस्तकांचा. इरा येता-जाता त्याच्याकडे बघते. अजून रडलेली नाही. दुपारी मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून निघते आणि उन्हानं लाल होऊन परत येते. मी विचारलं तर म्हणते, "आय अ‍ॅम फाइन, काकू." आणि मी त्या शिट्टीची वाट बघत बसते.

इथवर सकाळी लिहिलं होतं. मग भाऊजींचा फोन आला.

आवाज ओळखू येत नव्हता त्यांचा. म्हणाले, "घरमालकाला कळवतो. महिनाअखेर वरचं घर रिकामं करू. मी मेसईदला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहीन. परीक्षा झाली की इराला इकडे पाठव, आईजवळ राहील. तू तेवढं स्वयंपाकघर आवरायला घे. मला ते जमायचं नाही."

मी 'हो' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांनी आईजवळ म्हटलं तेव्हा क्षणभर मला तूच वाटलीस. मग कळलं, सासूबाईंकडे.

आज शुक्रवार, मला सुट्टी. कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे आपल्या वाण्याकडून, रिकामी खोकी आणली, चिकटपट्टी घेतली आणि वर आले. लिफ्टनं नाही, जिन्यानं. तुझ्या दारासमोर खोकी ठेवली आणि किल्ली लावणार, तोच आतून शिट्टी झाली.

खोटं कशाला सांगू, मी पळणार होते. जिन्याची पहिली पायरी उतरलेही. पण मग वाटलं, ही जर तू असशील तर तुला एकटीला टाकून कशी जाऊ? आणि मी परत फिरले. किल्ली फिरलीच नाही, दार नुसतं लोटलेलं होतं.

आत इरा होती. तुझ्या स्वयंपाकघरात, फ्रीजला पाठ टेकून, खाली फरशीवर. मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक. एसी बंद, घामानं केस कपाळाला चिकटलेले. गॅसवर तोच, ओस्लोला गेलेला, छोटा कुकर. तिच्या दप्तरातली किल्ली मी विसरलेच होते.

ती दचकली नाही. कुकरकडे बघत हात पुढे करून आच मंद केली, अगदी तुझ्यासारखी, न बघता.

मी विचारलं, "काय लावलंयस?"

"नथिंग," ती म्हणाली. "जस्ट वॉटर."

"नुसतं पाणी?"

"हं. साउंडसाठी." मग म्हणाली, "शिट्टी झाली की आय फील शी इज अबाउट टू कॉल मी. जेवायला. देन आय कॅन स्टडी." आणि माझ्या मागे दारात ठेवलेल्या खोक्यांकडे पाहून अगदी हळू आवाजात, "बाबाला सांगू नकोस, काकू. प्लीज. घर नका ना बंद करू."

वहिनी, दगडाचं तुझंच बरोबर होतं. परत येऊ नये म्हणून नाही गं. मी उगीच ट्रामभर भांडले. तुझं जहाज निघून गेलं, आणि तुझी पोर दोरीचं टोक धरून या गरम फरशीवर बसलीय. रोज. आणि मी खाली बसून भुताला घाबरत होते.

मी तिच्याजवळ खाली बसले नाही. बसले असते तर दोघी वाहून गेलो असतो. मी गॅस बंद केला आणि तू ओरडली असतीस तशी ओरडले, "नुसतं पाणी लावतात का कुकरला? रिंग जाईल! ऊठ, तांदूळ काढ." ती उठली. तांदळाच्या डब्यात तुझं माप अजून तसंच होतं, कान तुटलेला कप. तिनं तांदूळ मोजले, धुतले, पाणी काढलं. वरणाचा डबा मी लावला. मग ती माझ्याकडे पाठ करून सिंकशी उभी राहिली आणि रडली. मोठ्यानं, लहान असताना रडायची तशी, तोंड उघडून. मी नळ बंद केला आणि तिला धरून उभी राहिले. माझा ब्लाऊज खांद्याशी भिजला.

जरा शांत झाल्यावर तिनं विचारलं, "आईच्या पर्समधला वॉलनट कुठाय?"

"दिला तिच्याबरोबर."

"शुअर?"

"मी स्वतः ठेवलाय. ओटीत."

तिनं नाक पुसलं. "ओके," म्हणाली. "देन ओके."

खोकी मी जिन्यात काढून ठेवली. भाऊजींना फोन केला आणि एका दमात सांगितलं की घर सोडायचं नाही, निदान इरा शिकतेय तोवर नाही. ती नाशिकला जाणार नाही. जेवायला वर, झोपायला खाली, तिची सोबत मी करीन. ते म्हणाले, "बघू." मी म्हटलं, "बघू नाही, भाऊजी. हो म्हणा." आजवर त्यांच्याशी मी असं बोलले नव्हते. मग म्हणाले, "हो."

हे शेवटचं मी तुझ्या ओट्यावर, तुझ्या पोळपाटावर कागद ठेवून लिहितेय. पहिली शिट्टी झाली, दुसरीही झाली. इरा ताटं घेतेय. सवयीनं तिनं तिसरं ताट काढलं, हातात धरून थांबली, आणि मग ते परत ठेवलं नाही. मांडलं.

ट्राममधून उतरताना तू विचारलं होतंस, त्याचं उत्तर राहिलं होतं. तू भित्री आहेस, वाट लांबची आहे, आणि मला रोज वाटतं की तुझ्या मागोमाग चप्पल घालून निघावं. पण नाही. रागावू नकोस, उल्का, मी येत नाही. पोरगी जेवायला हाक मारतेय.